काठोकाठ ऊलाँग

साल एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. घरात फ्रीज येऊन तीन महिने झाले होते आणि निवृत्त स्टेशनमास्तरांनी त्याच्या दारावर नियम चिकटवला त्यालाही तीनच महिने झाले होते. कारण दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या. फ्रीज बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या थेट समोर उभा होता. एवढी नवीकोरी वस्तू आत स्वयंपाकघरात दडवावी असं तेव्हा कुणाच्या मनातही येत नसे. दारावरच्या कागदावर जाड निळ्या शाईत लिहिलं होतं : ‘यातून जो पिईल, त्याने भांडे पुन्हा काठोकाठ भरून ठेवावे. सबब चालणार नाही.’

घरात नियम मोडायची कुणाची छाती नव्हती. स्टेशनमास्तर गाडीला उशीर झाला तर इंजिनाकडेसुद्धा रागाने बघत, तिथे बायकामुलांची काय कथा.

त्या घरच्या सुनेला त्या उन्हाळ्यात एकच ध्यास लागला होता. वाचनालयाच्या दाराशी एक छोटी खोली रिकामी होती आणि तिथे वाचकांसाठी काहीतरी प्यायला ठेवायचं ग्रंथपालबाईंच्या मनात होतं. अट एवढीच, की पुस्तकांच्या आसपास स्टो, शेगडी, आग काही चालणार नाही. आग नाही म्हटल्यावर चहावाले सगळे परत गेले. सून मात्र हसली. तिचा थोरला दीर जहाजावर होता. त्याने कुठल्यातरी बंदरातून ऊलाँग चहाचा मोठा डबा आणून दिला होता आणि हा चहा थंड पाण्यातच भिजवून कसा करायचा तेही शिकवलं होतं. बारा वर्षं ती या घरच्यांसाठी चूल सांभाळत होती. आता जे काही मांडायचं ते स्वतःचं, आणि तेही चुलीशिवाय, असं तिने ठरवलं. ग्रंथपालबाई रविवारी चार वाजता चव बघायला घरी येणार होत्या.

शनिवारी संध्याकाळी तिने काचेच्या मोठ्या बरणीत थंड पाणी भरलं, त्यात चहाच्या आठ चमचे गोळ्या टाकल्या आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवली. ऊलाँगची पानं गुंडाळून वाळवलेली असतात, त्यामुळे दिसायला अगदी मिऱ्यांसारखी. रविवारी सकाळी पाण्याला मधासारखा रंग आला होता. चमचाभर चाखून ती खूश झाली, बरणीला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं आणि टेप घेऊन त्या खोलीची मापं घ्यायला निघून गेली. खोली अजून मिळायची होती, पण टेबल कुठे बसेल ते आधी बघून ठेवायला काय हरकत होती?

ती गेल्यावर पाच मिनिटांनी स्टेशनमास्तरांनी तपासणी म्हणून एक पेला घेतला. चहा उत्तम होता. मग त्यांनी नियमाप्रमाणे बरणीत पेलाभर पाणी ओतून ती काठोकाठ केली. थोड्या वेळाने त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, त्याच्या चष्म्याच्या दुकानातून, घरी विसरलेली किल्ली न्यायला आला, आणि जाता जाता दोन पेले पिऊन बरणी भरून गेला. नणंद नर्स होती. ड्यूटीवरून दमून आली आणि तीन पेले प्यायली. सासूबाईंनी एकच घेतला, पण तो घरातला सगळ्यात मोठा पेला होता. प्रत्येकाने बरणी काठोकाठ भरली. अकरा वाजेपर्यंत बरणीत जे उरलं होतं त्याला चहा म्हणायला फार मोठं मन लागलं असतं.

मग प्रत्येकाला पश्चात्ताप झाला, आणि तोही एकेकट्याने. चहाचा डबा स्वयंपाकघरातच होता. सासूबाईंनी सुनेवरच्या मायेने दोन मुठी टाकल्या. स्टेशनमास्तरांनी इकडेतिकडे बघून एक टाकली. नणंदेने टाकल्या, आणि नवऱ्याने जेवायला आल्यावर हात धुवायच्या आधी टाकल्या. गोळ्या एवढ्याशा, तळाशी जाऊन बसत. कुणालाच संशय आला नाही.

मापं घेऊन, सुताराकडे टेबलाची चौकशी करून साडेतीनला सून परतली. फ्रीज उघडून बघते तर बरणीचं झाकण एका बाजूने वर उचललं गेलं होतं आणि फटीतून एक हिरवं पान बाहेर डोकावत होतं. आत पानंच पानं होती, उशीत कापूस दाबून भरावा तशी. तिने बरणी उलटी केली. थेंब पडला नाही.

सगळे गोळा झाले.

“पाणी कुठे गेलं?” तिने विचारलं.

“पानांनी प्यायलं असेल,” नवरा म्हणाला.

“आठ चमच्यांनी?”

स्टेशनमास्तरांनी घसा साफ केला. “माझ्याकडून एखादी मूठ गेली असेल.”

“माझ्या दोन गं,” सासूबाई म्हणाल्या.

“मी मात्र मोजून टाकल्या, वहिनी,” नणंद म्हणाली. “बरोबर पन्नास ग्रॅम.”

“कशाने मोजल्यास?”

“अंदाजाने.”

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तो चष्मा काढून पुसायला लागला होता, म्हणजे आणखी विचारायचं कारणच नव्हतं. “मला वाटलं मी एकटाच आहे,” तो म्हणाला.

“पण टाकल्या कशाला?”

“रंग गेला होता त्याचा.”

“आणि रंग का गेला होता?”

आता चौघांनीही फ्रीजच्या दाराकडे बघितलं.

“नियम पाळला,” स्टेशनमास्तर हळूच म्हणाले. त्या वाक्याची त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटत होती.

डबा रिकामा होता. चार वाजायला पंचवीस मिनिटं होती. सून रडणार असं वाटत असतानाच तिने कमरेला पदर खोचला आणि पलटा मागितला. पलट्याच्या दांड्याने पानं उपसली, मलमलच्या फडक्यात बांधली, आणि फडक्याचं एक टोक नणंदेने, दुसरं सासूबाईंनी धरून चादर पिळावी तसं ते पिळलं. सगळ्या खटाटोपातून अर्धा जग रस निघाला. रंग बुटाच्या पॉलिशसारखा. नवऱ्याने बोट बुडवून चाखलं आणि तो साखरेचा डबा शोधायला लागला.

चारला दहा कमी असताना ग्रंथपालबाई हजर झाल्या. बारीक अंगाच्या, ताठ मानेच्या. एकदा पुस्तक दोन दिवस उशिरा परत केलं म्हणून त्यांनी उशीर करणाऱ्यांच्या फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि महिनाभर कुणाला पुसू दिलं नव्हतं. त्या बसल्या, समोर ठेवलेल्या चहाच्या जगाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “चव घेताना समोर कुणी नको. तुम्ही आत बसा.”

पाचही जण आनंदाने आत गेले.

बाईंनी पेला भरला, एक घोट घेतला आणि डोळे मिटले. सुरू केलेलं पुस्तक त्या कधी अर्धवट सोडत नसत, म्हणून पेलाही संपवला. मग डोळे उघडले, तर समोर फ्रीज आणि फ्रीजवर तो कागद. लिहिलेला नियम वाचून तो न पाळणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी फ्रीजमधून पाण्याची बाटली काढली, जग काठोकाठ भरला, ढवळला, आणि आता काय झालंय बघावं म्हणून दुसरा पेला घेतला. मग तिसरा.

आत पाचही जण श्वास रोखून बसले होते. दारात बाई आल्या. हातात रिकामी बाटली.

“नळ कुठे आहे?”

चूळ भरायची असणार, असं सगळ्यांना वाटलं. सुनेने मान खाली घातली.

“बाटली भरायची आहे,” बाई म्हणाल्या. “बाहेर लिहिलंय ना. आणि चहा मंजूर. मात्र मला रोज हाच पाहिजे, यात बदल चालणार नाही.”

बाहेर येऊन बघतात तर तीन पेले पिऊनही जग काठापर्यंत भरलेला आणि चहाचा रंग मधासारखा.

“पण आपण तर अर्धाच—” स्टेशनमास्तरांनी सुरुवात केली. सुनेने त्यांच्या पायावर पाय दिला. सासऱ्यांच्या पायाला तिचा पाय लागला तो तेवढाच.

पुढे ती खोली तिने एकवीस वर्षं चालवली. जहाजावरचा दीर डबे पाठवत राहिला आणि नंतर किनाऱ्यावर स्थायिक झाला, तिथे त्याने मत्स्यालयाचं दुकान काढलं. नणंद मुख्य परिचारिका झाली, औषधं काट्यावर मोजून देई, पण घरी तिला कुणी चमचाही मोजू दिला नाही. नवऱ्याला अजून पेच पडला की तो चष्मा पुसतो, फक्त आता चष्मा जाड झालाय. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, की चहा जमला तो त्यांच्या दोन मुठींमुळे. स्टेशनमास्तरांनी त्या संध्याकाळीच फ्रीजवरचा कागद काढला आणि ‘चहा वगळून’ असं लिहून परत चिकटवला. ते गेल्यावर सुनेने तो चौकटीत घालून आपल्या चहाच्या खोलीत लावला.

ग्रंथपालबाई निवृत्त झाल्यावरही रोज चारला दहा कमी असताना येत. एक पेला ऊलाँग घेत, कागद वाचत, आणि चहाच्या बरणीला हात न लावता, जाताना तोच पेला पाण्याने काठोकाठ भरून टेबलावर ठेवून जात.