गोड भाषेतला राजीनामा

डोब्रिनने राजीनामा एका दमात लिहिला होता : 'पिठाने छाती भरते, डॉक्टरचा दाखला जोडलाय, दुसरं काम मागूनही तुम्ही दिलं नाहीत, म्हणून नोकरी सोडतो.' बल्गेरियातल्या प्लेव्हेन शहरात एका बेकरीत एकोणीस वर्षं पीठ मळून त्याच्या छातीचा पार भाता झाला होता. लांबण लावायला दम होता कुणाला? पण जाता जाता त्याने तो कागद बायकोला दाखवला. (नेवेना तीस वर्षं शाळेत भाषा शिकवत होती. तिला कागद दाखवायचा नसतो, हे डोब्रिन सोडून अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.)

"हा राजीनामा आहे की भांडण?" नेवेना म्हणाली. "निघताना माणसाने कडू बोलू नये."

तिने कोरा कागद घेतला आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, की मी स्वेच्छेने, वैयक्तिक कारणास्तव, कृतज्ञ अंतःकरणाने आपला निरोप घेतो. डोब्रिनने मुकाट खाली सही केली. मालकाने तो दोनदा वाचला आणि उभ्या उभ्याच मंजूर केला.

बेकारभत्त्याच्या खिडकीवरच्या मुलीने कागद उलटसुलट पाहिला.

"काका, आजारामुळे नोकरी सोडली असतीत तर वर्षभर निम्म्याहून जास्त पगार मिळाला असता. तुम्ही स्वेच्छेने सोडलीत. आता चारच महिने, तोही किमान भत्ता."

"स्वेच्छा माझी नव्हती," डोब्रिन म्हणाला. "बायकोची होती."

"तसा रकाना नाही."

"आणि हा दाखला?"

"दाखल्यात आजार आहे. राजीनाम्यात कुठाय?"

डोब्रिनला उत्तर सुचलं होतं, पण तेवढ्यात खोकला आला आणि खिडकीवर पुढचा माणूस आला.

घरी नेवेनाने सगळं ऐकून पेन उचललं. "वर दाद मागू. मी लिहिते."

उभ्या संसारात पहिल्यांदाच डोब्रिनने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. स्वतः तीन पानी अर्ज खरडला आणि तिला न दाखवता पोस्टात टाकला. (राजीनामा बायकोने लिहून दिला, एवढं मात्र लाजेपोटी गाळलं.)

महिन्याने उत्तर आलं : राजीनामा आणि अर्ज यांतलं हस्ताक्षर जुळत नाही. अर्जदार नेमका कोण, याचा खुलासा होईपर्यंत किमान भत्ताही थांबवण्यात येत आहे.

नेवेनाने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"तरी मी म्हणत होते, मी लिहिते," ती म्हणाली. "अक्षर जुळलं असतं."