सुरेखाताईंची मुंबई

सुरेखाताई राहतात बदलापूरला, कुळगावात, आमच्या शेजारच्या दारात. पण पत्ता विचारला की 'मुंबई' सांगतात. कुणी "अहो, हे बदलापूर" म्हणालं, तर अशा बघतात की पुन्हा त्यांना दुरुस्त करायची हिंमत होत नाही.

बारवी धरणाजवळच्या पाड्यावरून, नवऱ्याचं घर सोडून त्या आल्या. बाळाराम पीत नव्हता, हात उगारत नव्हता. "माणूस चांगला हो, वहिनी. पण साताला जेवून झोपायचं, ही काय लाइफ हाय?" शहरात स्वतःचं ब्यूटी पार्लर काढायचं, एवढंच त्यांनी डोक्यात घेतलं होतं. सध्या उल्हासनगरला एका सिंधी बाईंच्या पार्लरमध्ये बायकांच्या भुवया कोरतात, आणि घरी आल्यावर माझ्या भुवया बघून उसासे टाकतात.

शहराबद्दल वाकडा शब्द त्यांना खपत नाही. लिफ्ट बंद पडली तरी, "मुंबईत लोड असतो ना!" एकदा मला ग्लासभर पाणी देऊन म्हणाल्या, "गावच्या पाण्याला ही चव नाय."

"अहो, हे बारवीचंच पाणी. तुमच्याकडूनच येतं."

त्या म्हणाल्या, "असेल. पण पाइपातून येता येता सुधारतं."

मी कपाळाला हात लावला.

मागच्या महिन्यात, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, बाळाराम आला. इस्त्रीचा शर्ट, हातात नव्या तांदळाची पिशवी. जिन्यातच मला म्हणाला, "तिला न्यायला आलोय. इचारून बघतो." त्या गेल्या तर मला करमलं नसतं. एवढी सवय झाली होती मला या बाईची.

मग दुपारभर भिंतीपलीकडून एकच आवाज, सुरेखाताईंचा. मॉल, सरकते जिने, फेशियल, गिऱ्हाइकं. मध्येच त्याला लिफ्टमधून चारदा वरखाली फिरवून आणलं. तो बिचारा नुसता "हां, हां" करत होता. चार वाजता एकटाच खाली उतरला.

"बोलायला टाइमच नाय गावला," जाताना मला एवढंच म्हणाला.

मी तडक त्यांच्या घरात गेले. सुरेखाताई पिशवीतल्या तांदळात हात घालून जमिनीवर बसल्या होत्या. मला त्यांचा रागच आला होता.

"कधी नव्हे तो आला, त्याला एक शब्द तरी बोलू द्यायचा!"

"कसा देऊ, वहिनी?" त्यांनी मनगटानं डोळे पुसले. "त्यानं नुसतं 'चल' म्हटलं असतं ना, तरी मी गेले असते."