मूळपुरुषाचा मुक्काम

ओपल स्लोनने एकदा मनावर घेतलं की ते तडीला जाणारच, याबद्दल तिच्या नवऱ्याला, होबर्टला, कधी शंका नव्हती. त्यांचं लग्नही तिनेच मनावर घेतलं होतं.

या खेपेला ठिणगी टाकली तिच्या चुलतबहिणीने, व्हर्नेलने. स्लोन कुळाचं वार्षिक जेवण केंटकीतल्या ओपलच्या टेकडीवर व्हायचं. व्हर्नेलचा फोन आला, "अगं, आपला मूळपुरुष जेरेमाया तिथेच पुरलाय म्हणतेस, पण पुरावा काय? यंदा दाखव, नाहीतर पुढच्या वर्षीपासून सगळे माझ्या तळ्याकाठच्या बंगल्यावर."

"थडग्यासकट दाखवते!" म्हणत ओपलने फोन आपटला.

मग ती जिल्हा कचेरीच्या तळघरात जाऊन बसली. धुळीने शिंकून शिंकून बेजार झाली, पण जमिनीचं जुनं खरेदीखत आणि नकाशा घेऊनच बाहेर आली. झऱ्याजवळच्या पांढऱ्या ओकच्या झाडापासून कोणत्या दिशेला किती अंतरावर जेरेमायाची कबर, हे खरेदीखतात स्वच्छ लिहिलं होतं. ओकचा बुंधा अजून जागेवर होता. होबर्टच्या हाती होकायंत्र आलं.

"सुई हलू देऊ नकोस."

"ती माझं ऐकत नाही. या घरात कोणीच ऐकत नाही."

सुई त्यांना थेट कुंपणापलीकडे, शेजारच्या एमेटच्या रानात घेऊन गेली. एमेट लेकीकडे ओहायोला गेला होता. तिथे खरोखरच एक उंचवटा होता, डोक्याशी दगडही. ओपल तिथेच गवतात बसून मनापासून रडली. दुसऱ्याच दिवशी तिने संगमरवरी शिळा सांगितली : 'जेरेमाया स्लोन. जन्मभर राबला. कधी तक्रार केली नाही.'

"तक्रार केली नाही हे कशावरून?" होबर्टने विचारलं.

"स्लोन होता."

"म्हणूनच विचारतोय."

जेवणाच्या दिवशी अख्खं कुळ कुंपण ओलांडून गेलं. धर्मगुरूंनी इतकी लांब प्रार्थना केली की तळलेली कोंबडी निवून गेली. व्हर्नेलनेही डोळे टिपले. एवढ्यात एमेट बॅग घेऊन आला. गर्दी पाहून त्याने टोपी काढली.

"माझ्या मॉलीसाठी एवढं केलंत?"

"कोण मॉली?"

"माझं खेचर. बिचारीने मरेपर्यंत नांगर ओढला." त्याने शिळा वाचली. "अक्षर न् अक्षर खरंय. फक्त नाव चुकलंय."

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि मग कोणालाच आवरेना. "तळ्याकाठी गाड्या लावायलाही भरपूर जागा आहे," व्हर्नेल गोड आवाजात म्हणाली.

ओपलला रडू फुटत होतं, ते तिने गिळलं. या जेवणापायी वर्षातून एकदा तरी सगळी पोरं टेकडी चढायची. जेवण गेलं की इकडे कोण फिरकणार होतं? तिने नकाशा गवतावर पसरला. कोपऱ्यात उत्तरेचे दोन बाण होते. दुसरा म्हणजे छापताना पडलेला डाग, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. आता तिने तो नीट पाहिला. एक खरी उत्तर, दुसरी त्या काळच्या सुईची.

"होबर्ट, सुईची उत्तर वर्षानुवर्षं सरकत असते. तेव्हाची सुई आजच्या सुईशी जुळत नाही. आपण डावीकडे भरकटलो. चल परत बुंध्यापाशी."

"आणि जेवण?"

"जेवण थांबेल."

सगळे रिकाम्या थाळ्या घेऊन मागोमाग निघाले. यावेळी कुंपण आडवं आलंच नाही. होबर्ट उजवीकडे कलून चालत राहिला आणि जेवणाच्या जागेवरच येऊन थांबला. समोर एक रुंद, सपाट दगड होता. दरवर्षी ओपल त्याच्यावर चौकड्यांचं कापड अंथरून स्वतःचं बटाट्याचं सॅलड मांडायची. व्हर्नेलचं भांडं तिथे कधी टेकू दिलं नव्हतं.

कापड उचललं. मागच्या बाजूचं शेवाळ खरवडलं. खाली कोरलं होतं : जेरेमाया स्लोन.

"म्हणजे इतकी वर्षं," व्हर्नेल सावकाश म्हणाली, "तू मूळपुरुषाच्या डोक्यावर सॅलड ठेवत होतीस?"

सगळे धर्मगुरूंकडे पाहू लागले. ते खाकरले. "मोठी प्रार्थना मघाशी मॉलीवर झाली. आता छोटीच जमेल." ती त्यांनी दोन वाक्यांत आटोपली.

एमेटने शिळा परत द्यायला साफ नकार दिला. व्हर्नेल पुढच्या वर्षी कुठे जमायचं याबद्दल चकार शब्द बोलली नाही. ओपल सॅलडचं भांडं हातात धरून बराच वेळ इकडेतिकडे जागा शोधत राहिली. मग तिने ते गुपचूप पुन्हा दगडावरच ठेवलं.

"त्यांना सवय झालीय," ती म्हणाली.