यशवंता आणि परक्या भिंती

यशवंत गांगुर्डे कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीची विचारपूस करायचा, मग माणसांची. चपला काढता काढता बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करायची, कान लावायचा, डोळे मिटायचे. आणि मग एखाद्या डॉक्टरासारखं सांगायचं, "गिलावा पोकळ आहे. तूर्तास धोका नाही."

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. गंगापूर रोडला आम्ही नवाकोरा फ्लॅट घेतला होता, आणि माझं नाक तेव्हा दुसऱ्या मजल्यावर राहत असूनही पाचव्या मजल्यावर असायचं. यशवंत तळमजल्यावरच्या खोलीत भाड्यानं आला. वय अठ्ठावीस, सिव्हिलचा डिप्लोमा, अंगावर एकच बरा शर्ट. वास्तुशांतीचा प्रसाद घ्यायला वर आला आणि पंचवीस पाहुण्यांसमोर माझ्या हॉलच्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाला, "काकू, इथून ओल येणार."

मी त्याला प्रसाद अर्धा चमचा कमी वाढला. आली ओल, दुसऱ्याच पावसाळ्यात. तेव्हा मी तिथे कॅलेंडर लावलं आणि कुणी विचारलं तर देवीचं चित्र आवडतं म्हणून सांगितलं.

त्याला बिल्डिंग सर्व्हेअर व्हायचं होतं. म्हणजे इमारत बांधायची नाही, बांधलेली तपासायची. नाशकात तेव्हा जिकडे बघावं तिकडे नव्या इमारती उठत होत्या. बांधणाऱ्याला हव्या तेवढ्या नोकऱ्या, तपासणाऱ्याला एक नाही. बारशाला यावं आणि बाळाला पुढे दमा होईल म्हणून सांगावं, अशा माणसाला कोण बोलावणार?

तरी मुलाखतीची बोलावणी यायची. नोकरी मात्र यशवंता स्वतःच घालवून यायचा. एका ऑफिसात साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?" हा छताकडे बघून म्हणाला, "माझं माहीत नाही सर, पण तुमच्या डोक्यावरचा तो कोपरा खाली असेल."

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण मध्ये सुनंदा होती. दिंडोरीची, शाळेत शिकवणारी, मोजकं बोलणारी. दोघांचं जमलं होतं. तिचे वडील द्राक्षबागायतदार. ते एकदा खोली बघायला आले आणि जाताना माझ्याकडे चहा घेत म्हणाले, "पोरगं लय गुणाचं हाय हो ताई. पण नोकरी नाय. ऑक्टोबरची छाटणी उरकेपर्यंत थांबतो. पुढं मला पोरीचं बघावं लागंल."

"काय रे, कसं होणार?" मी विचारलं.

"तूर्तास धोका नाही," यशवंता म्हणाला. पण आवाज भिंतीइतकाच पोकळ होता.

मग मी पदर खोचला. मिस्टरांच्या ओळखीचे एक बिल्डर होते, त्यांच्याकडे शब्द टाकला. माझ्या शब्दाला फार वजन आहे, अशी माझी त्या काळी समजूत होती. आठवडाभर शिकवणी घेतली. मिस्टरांचा कोट चढवून, त्यांचाच चष्मा लावून मी बिल्डर झाले. यशवंताला दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसवायचं आणि त्याची नजर छताकडे गेली की टाळी वाजवायची. पहिल्या दिवशी टाळ्या वाजवून माझेच तळवे लाल झाले.

मिस्टर दारातून म्हणाले, "अगं, मुलाखत आहे की कबुतरं उडवतेयस?"

मुलाखत झाली. यशवंतानं छताकडे पाहिलं नाही, टकटक केली नाही. सोमवारपासून या, म्हणाले. मी शिरा केला, बेदाणे जास्त घालून. हा मात्र ताटलीकडे बघत बसला.

"काकू, त्यांच्या जिन्याखाली सफाईच्या तिघी बायका डबा खायला बसतात. वरच्या स्लॅबचा गज गंजून फुगलाय. गिलावा कधीही खाली येईल."

"सोमवारी कामावर रुजू हो, मग सांग."

"पण आज शुक्रवार आहे. उद्याही त्या तिथेच बसणार."

"यशवंता, सुनंदाचा विचार कर!"

"तोच करतोय," तो म्हणाला. "तिला काय सांगू, तीन दिवस गप्प बसलो म्हणून?"

गेला सायकलवर. तासाभरात परत आला. बिल्डरनं त्याला स्टाफसमोर अद्वातद्वा बोलून हाकललं होतं.

"आणि त्या बायका?" हे मी नाही, मिस्टरांनी विचारलं.

"त्यांना मीच उठवलं. आता मागच्या अंगणात बसतील," तो म्हणाला, आणि मग त्यानं शिरा मागितला.

मी पंधरा दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिघींची डोकी वाचली, याचा आनंद सोडून मी माझ्या शब्दाचं सुतक पाळत बसले होते. एवढी अक्कल होती मला शेहेचाळिसाव्या वर्षी! छाटणी उरकली. सुनंदाला पिंपळगावला दिली. यशवंता लग्नाला गेला, जेवून आला, मंडपाच्या कमानीबद्दलसुद्धा काही बोलला नाही.

पुढे दिवस पालटले. घोड्यावर बसून बांधलेल्या त्या सगळ्या इमारती दहा वर्षांत गळायला लागल्या. बँका घरकर्ज देण्याआधी तपासणीचा अहवाल मागू लागल्या. एव्हाना स्वतःचं तपासणीचं काम थाटलेल्या यशवंताचा फोन थांबेना. हाताखाली माणसं आली, दारात गाडी आली. डिप्लोमाची मुलं विचारायला यायची, "सर, या लाईनला स्कोप आहे का?" तो सांगायचा, "आहे. पण उशिरा दिसतो, ओलीसारखा." स्वतःचं घर मात्र त्यानं घेतलं नाही. त्याच भाड्याच्या खोलीत राहिला, एकटा.

दोन हजार आठला आमच्या इमारतीची तपासणी निघाली. मिस्टरांना जाऊन वर्ष झालं होतं. यशवंता स्वतः आला, सोबत कुणाला आणलं नाही. बॅगेतून लांब टेप काढली आणि म्हणाला, "काकू, एवढं टोक धरता?"

मी धरलं. तो टेप सोडत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, आकडा लिहिला. तेवढ्यात मला त्याच्या उघड्या बॅगेत ते नवं यंत्र दिसलं. भिंतीवर लाल ठिपका पाडून क्षणात अंतर सांगणारं. त्याच्या हाताखालची पोरं तेच घेऊन गावभर फिरायची.

"अरे, ते मशीन असताना या म्हातारीला का राबवतोस?"

तो टेप गुंडाळत राहिला. "आहे हो ते. पण त्याला दुसरं माणूस लागत नाही."

मी टेपचं टोक पुन्हा उचललं. स्वयंपाकघर झालं, बाल्कनी झाली. बेडरूमचं माप त्यानं दोनदा घेतलं, आणि दोन्ही वेळा मी टोक भिंतीला घट्ट टेकवून उभी राहिले.