लाल धागा नाचतो का?

आमच्या मांजर्लीच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा गाडी एकच, आणि तिलाही शेपूट! चांगली हातभर लांब, पत्र्याची, वर लोकरीचे बोटभर धागे चिकटवलेले. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असं मला आधी वाटलं.

गाडी परांजपेकाकांची. आनंदनगरच्या कारखान्यात फोरमन. "नाक काय बघता राव? पाठ बघा, पाठ!" हे त्यांचं पालुपद. तावडीत सापडलेल्याची सुटका नाही. "हवा शेवटपर्यंत गाडीच्या अंगाला चिकटून राहिली पाहिजे. मधेच सुटली, की मागे दाब कमी होतो आणि गाडी मागे खेचली जाते. पेट्रोल तिथं जातं!" धागे आडवे पडले तर हवा चिकटलेली, थयथय नाचले तर सुटलेली. झालं, एवढंच शास्त्र.

हवा सुटू नये म्हणून उल्हासनगरच्या एका सिंधी पत्रेवाल्याकडून त्यांनी एकामागून एक तीन शेपट्या ठोकून घेतल्या. "साईं, गाड़ी है या मोर?" तो विचारायचा.

पण चालवणाऱ्याला गाडीची पाठ दिसणार कशी? म्हणून दर रविवारी अंबरनाथ रस्त्याला पुढे काका आणि मागे मोपेडवर पदर खोचून काकू. आम्ही गॅलरीतून फिदीफिदी हसायचो. परत आले की जिन्यातच भांडण.

"कोपऱ्यातला लाल धागा नाचतोच आहे. शेपटीचा उतार फार घाईचा झालाय, मंद करा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"बघतंय कोण? मी की तुम्ही?"

मग काकू गेल्या. गाडी वर्षभर ताडपत्रीखाली पडून राहिली.

एका रविवारी काका माझ्या दारात. "स्कूटर काढता का? चौथी शेपूट केलीय. तिनं सांगितलेल्या उताराची. ती बरोबर होती की नाही, तेवढं मला कळायला हवं."

अंबरनाथपर्यंत मी लाल धाग्यावरून नजर हलवली नाही. एका म्हशीवर आदळता आदळता वाचलो. गाडी थांबवून काका धावतच आले.

"लाल?"

"आडवा, काका. सगळेच आडवे."

"नाचला नाही? नीट बघितलंत?"

"एकदाही नाही. शप्पथ!"

शेपटीवर हात ठेवून ते भर रस्त्यात रडले. मलाही आवरेना.

तेवढ्यात एक ट्रकवाला थांबला. "अंकल, पीछे ये क्या लगाया है?"

काकांनी डोळे पुसले, छाती पुढे काढली.

"मिसेस का डिझाइन है!"