लाल टेपचं पातेलं

दारावर तिसऱ्यांदा थाप पडली तेव्हा मिल्काने नवऱ्याकडे पाहिलं. एलिझर किहीमकर सोफ्यावर ताठ बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. शनिवार होता. शनिवारी काम करायचं नाही ही गोष्ट त्याने गेल्या तीन महिन्यांत इतकी मनावर घेतली होती, की दर शनिवारी नुसतं बसून बसून त्याची पाठ धरायची.

"लोक बेल का वाजवत नाहीत?" तो म्हणाला.

"काल तूच बेलच्या बटणावर टेप लावलीस."

मिल्काने दार उघडलं. बाहेर खांद्याला पिशवी आणि हातात फाईल घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या.

"मी राजनंदिनी. दत्तक संस्थेकडून आले, गृहभेटीला. सोमवारी मला मीटिंग लागली, म्हटलं आज इकडं छावणीत यायचंच आहे तर तुमचं घर बघून घ्यावं. काल रात्रीपासून आठ फोन केले. बंद का हो फोन?"

तीन वर्षं थांबल्यावर मिल्का आणि एलिझरचा नंबर लागत आला होता. या बाईंनी फाईलमध्ये चार बऱ्या ओळी लिहिल्या की घरात मूल येणार, नाही लिहिल्या की पुन्हा रांगेच्या शेपटाला. सोमवारसाठी मिल्काने नवे पडदे आणले होते, चिवड्याचं सामान आणलं होतं, काय बोलायचं ते पाठ केलं होतं. एलिझरने काय बोलायचं नाही, तेही पाठ करून घेतलं होतं. आणि बाई आज आल्या होत्या.

किहीमकर मंडळी तीन पिढ्या छावणीत राहत होती. एवढ्या वर्षांत त्यांचं यहुदी असणं फार कष्टाचं कधीच नव्हतं. शुक्रवारी आठवलं तर दोन दिवे लावायचे, शुभकार्याला मलिद्याचं ताट भरायचं आणि कुणी "ख्रिश्चन का?" विचारलं की "नाही" म्हणायचं. पण मूल येणार म्हटल्यावर एलिझरला एकदम साक्षात्कार झाला. "बाळाला खरंखुरं यहुदी घर मिळालं पाहिजे, मिल्का. उद्या त्याने विचारलं, पप्पा आपण कोण, तर काय सांगू?" बजाजनगरच्या कारखान्यात तो माल तपासायच्या खात्यात होता. चिकटपट्टी लावल्याशिवाय कुठलीही वस्तू खरी आहे यावर त्याचा विश्वासच नसायचा. मोबाईलवर कुठकुठल्या दाढीवाल्या गृहस्थांची भाषणं ऐकून त्याने पंधरा दिवसांत घर चिकटवून काढलं. फक्त स्वतःच्या तोंडाला टेप लावायची तेवढी राहिली, असं मिल्काचं मत होतं.

राजनंदिनी मॅडम आत आल्या आणि टीपॉयला ठेचकाळल्या. बाहेर आभाळ भरून आलेलं, आत मिट्ट अंधार.

"लाईट गेली काय?"

"नाही, आहे," एलिझर म्हणाला.

"मग लावा की."

"लावत नाही आम्ही. काल सूर्य मावळायच्या आधी लावून ठेवायचा असतो. मी विसरलो. आता आज सूर्य मावळेपर्यंत बटणाला हात लावता येत नाही."

मॅडमनी फाईल उघडली आणि खिडकीशी जाऊन काहीतरी लिहिलं. सब्बाथ म्हणजे यहुद्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, असं मिल्काने घाईघाईने सांगितलं. मॅडमनी मान डोलावली. वीजबिल थकलेली माणसं काय काय सांगतात हे त्यांनी नोकरीत पुष्कळ ऐकलं असावं.

"चालायचंच," त्या म्हणाल्या. "किचन बघू?"

किचनमध्ये निम्म्या भांड्यांवर लाल टेप होती, निम्म्यांवर निळी.

"हे काय हो?"

"लाल मटणाची, निळी दुधाची," एलिझर उत्साहाने म्हणाला. "आमच्या शास्त्रात एकाचं दुसऱ्याला लागता कामा नये. चमचेसुद्धा वेगळे, घासणीसुद्धा वेगळी. चूक झाली तर भांडंच बाद."

मॅडमनी मिल्काकडे कळवळून पाहिलं. "तुम्ही शाकाहारी काय ताई?"

"नाही हो, मीपण मटण खाते."

"मग वेगळं कशाला मांडलंय? बोला मोकळं. लई घरात असं असतं, नवरा-बायकोचं पटत नाय, मग चूल वेगळी. लपवू नका."

"आमचं चांगलं पटतं!" मिल्का जरा मोठ्याने म्हणाली. इतक्या मोठ्याने, की मॅडमनी तेही लिहून घेतलं.

आता निदान चहा तरी द्यायला हवा होता. पण गॅस पेटवायचा नव्हता. त्यावर एलिझरकडे उपाय होता. त्याने खिडकीतून शेजारच्या सगीरा खालांना हाक मारली. खाला दीड वर्षाच्या नातीला, आमरीनला, कडेवर घेऊन आल्या. एलिझरच्या नव्या नियमाप्रमाणे परधर्मीयाने काम केलेलं चालतं, पण ते थेट सांगायचं नसतं. नुसतं सुचवायचं असतं.

"खाला," तो म्हणाला, "घरात आज फार अंधार वाटतो, नाही?"

"हां बेटा, ढग आलेत ना."

"कुणीतरी बटण दाबलं असतं तर उजेड पडला असता."

"वो तो है," खाला म्हणाल्या आणि आमरीनला खाली सोडून खुर्चीवर टेकल्या.

"पाहुण्यांना चहा हवा होता. गॅस आपोआप पेटत नाही."

"कायकू पेटंल आपोआप? लाईटर बिघडला काय?" खाला मॅडमकडे वळल्या. "बहोत अच्छा लडका है, मॅडम. पण तीन महिने झाले, असंच बोलतो. पिछले हफ्ते माझ्यासमोर अर्धा घंटा उभा, बोला, टाकी भर के बह रही है. मी बोले, हां, बह रही है."

मॅडमचं पेन आता थांबायला तयार नव्हतं. मिल्काला रडू यायला लागलं. तीन वर्षं आपण वाट पाहिली आणि हा माणूस चिकटपट्टीने सगळं घालवणार, असं तिला वाटलं. यहुदी घर छान झालं होतं, त्यात मूल तेवढं येणार नव्हतं.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला. आमरीन दुडुदुडु चालत बाळासाठी तयार केलेल्या खोलीत शिरली होती. तिने दार ओढून घेतलं, आणि दाराची खालची कडी तिच्या बरोबर हाताशी होती. आतून कडी बसल्याचा आवाज आला आणि मग काळोखात पोरीने जो टाहो फोडला, तो छावणीच्या बाजारापर्यंत गेला असेल.

"या अल्ला!" खाला उठल्या. मॅडम उठल्या. मिल्का दारापर्यंत पोचायच्या आत एलिझर तिथे होता.

खोलीचं बटण बाहेर होतं. त्याने बटणावरची टेप टराटरा ओढून काढली आणि दिवा लावला. "आमू, बघ, लाईट आली! घाबरू नको राजा, चाचा आहे इथं." एका उडीत त्याने हत्यारांची पेटी आणली, हातोडीने दाराच्या बिजागऱ्या ठोकून काढल्या, दार उचलून भिंतीला लावलं आणि पोरीला उराशी धरलं. ती थांबेना. तिला एका हाताने थोपटत तो किचनमध्ये गेला, फट्‌कन गॅस पेटवला, समोर दिसलं ते पातेलं घेतलं, दूध तापवलं आणि फुंकर मारून मारून चमच्याने तिला पाजलं. मध्येच "हम्मा आली, हम्मा आली" असं एक गाणंही म्हटलं, ज्याला चालही नव्हती आणि दुसरी ओळही.

आमरीन त्याच्या शर्टला नाक पुसून झोपली. गॅस चालूच आहे म्हणून मिल्काने त्यावर चहा टाकला. मॅडम तो दोन कप प्यायल्या आणि फार न बोलता गेल्या.

त्या संध्याकाळी ढग सरून तारे दिसले आणि सब्बाथ संपला, तसा एलिझरने मोबाईल सुरू केला आणि उड्या मारतच आला. "मिल्का! कोंडलेल्या लेकराला सोडवायला सब्बाथला दार फोडायची चक्क परवानगी आहे! म्हणजे मी एकही नियम मोडला नाही!"

"वा," मिल्का म्हणाली.

मग तीन आठवडे तो कॉलर ताठ करून फिरला. चौथ्या आठवड्यात अहवालाची प्रत आली. एलिझरने ती उभ्यानेच मोठ्याने वाचायला घेतली.

"घरातील वीजपुरवठा अनियमित. पती सूचक बोलतात. पती-पत्नीचा स्वयंपाक वेगळा असून भांडी काटेकोरपणे विभागलेली आहेत. तथापि मूल रडू लागताच पतीने लाल खुणेच्या, म्हणजे मटणाच्या, पातेल्यात दूध तापवून पाजले व ही गोष्ट त्यांच्या लक्षातही आली नाही. या घरी मूल देण्याची जोरदार शिफारस..."

तो थांबला. बातमी आनंदाची होती, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

"लाल? मिल्का, मी लाल पातेलं घेतलं होतं?"

"हो."

"आणि तू तीन आठवडे बोलली नाहीस? मग ते पातेलं आहे कुठे? बाद करायला हवं ते!"

मिल्काने कपाटातून पातेलं काढलं. घासूनपुसून लख्ख केलेलं, लाल टेप सोलून काढलेली. ते तिने छातीशी घट्ट धरलं, आणि डोळे भरून आले तरी हसत म्हणाली, "याला हात लावायचा नाही. उद्या कारखान्यातून येताना पिवळी टेप घेऊन ये. हे बाळाचं."