भागवताने दिलेली सुट्टी

एकदा हाती घेतलेले कार्य तडीस नेल्यावाचून आपल्याला भाकरी गोड लागत नाही, असे आष्टीच्या भागवताचे स्वतःविषयी ठाम मत होते. त्यामुळे त्याची कन्या तृप्ती आणि चिरंजीव कल्याण शाळेतून येऊन म्हणाले, "बाबा, उद्या मातृदिन हाय. बाईंनी आईचे आभार मानायला सांगितलंय," तेव्हा त्याने तत्काळ सूत्रे आपल्या हाती घेतली.

अडचण एकच होती. त्या घराण्यात आपल्या माणसाचे आभार मानण्याची रीत नव्हती. आभार परक्याचे मानतात. भागवताच्या मातोश्री तुळजाबाई यांनी तर सुनेच्या हातचे जेवून उठताना "मीठ बराबर हाय" याहून मोठे प्रशस्तिपत्र आजवर दिलेले नव्हते. सुनेचा, म्हणजे मीनेचा, दिवस कोंबड्याच्या आधी उजाडे. अंगणात सडा, सड्यावर रांगोळी, मग आंघोळीच्या पाण्याची चूल. त्या चुलीचा धूर पाहून शेजारच्या गिरिजाबाई अंथरूण सोडीत.

"नुसतं तोंडानं धन्यवाद म्हणून काय व्हतंय?" भागवत मुलांना म्हणाला. "उद्या तुमच्या आईनं काडी हलवायची न्हाई. सडा न्हाई, रांगोळी न्हाई, चूल न्हाई. निजू द्यायचं तिला. मी हार घेऊन येतो. तो गळ्यात घाला अन् मंग आभार माना."

"आजीला सांगू का?" कल्याणने विचारले.

"बिलकुल न्हाई. ती जाऊन पहिले आईलाच उठवंल."

दुसऱ्या दिवशी तुळजाबाई नित्याप्रमाणे पहाटेच देवळाकडे गेल्या. मीना डोक्यावरून चादर घेऊन निजली होती. भागवत मंगल प्रसंगास शोभावे म्हणून दाढीला बसला. मिशीची डावी बाजू किंचित अधिक उडाली. उजवी तिच्या बरोबरीस आणावी, तर ती त्याहूनही अधिक उडाली. समतोलाच्या या प्रयत्नात अखेर ओठावर काहीच उरले नाही. शिवाय साबण डोळ्यांत जाऊन डोळे लालभडक झाले.

"आतून कडी लाव," त्याने तृप्तीला बजावले. "मी आल्याबिगर कोनाला उघडू नको. आईला जाग आली तरी उठू द्यायचं न्हाई."

आणि चवड्यांवर चालत तो बाहेर पडला. मुलांच्या न्याहारीचे काय, हे ध्यानी येताच तो गिरिजाबाईंच्या दारी थांबला.

"वहिनी, आज आमच्या घरी चूल पेटायची न्हाई. पिठलं-भाकरी करून देता का?"

गिरिजाबाईंनी त्याचे डोळे पाहिले. मिशीची रिकामी जागा पाहिली. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडचे कोरडे अंगण पाहिले.

"अगं माय," त्या पुटपुटल्या. "काय झालं?"

गिरिजाबाईंच्या पोटात तीळ भिजत नाही, हे भागवतास ठाऊक होते. "आत्ता बोलता येत न्हाई, वहिनी," तो घाईने म्हणाला. "हार आणायचाय."

हारवाल्याने फुले ओवायलाच वेळ लावला. हार आणि जिलेबीचा पुडा घेऊन भागवत परतला, तो दुरूनच थबकला. त्याच्या ओट्यावर गडीमाणसे टोप्या हातात घेऊन बसली होती. बायांनी पदर तोंडाला लावले होते. त्याला पाहताच सर्वांनी मुकाट्याने वाट करून दिली. चुलतभाऊ वसंता पुढे झाला आणि त्याने जिलेबीचा पुडा हलकेच काढून घेतला.

"धीर धर, भागवत. बांबूला मानूस धाडलाय. धावड्याला फोन केलाय."

धावडा म्हणजे मीनेचे माहेर. भागवताच्या पायांखालची भूमी सरकली. आपण निघालो तेव्हा चादर वर-खाली होत होती का? ते तर आपण पाहिलेच नव्हते.

"कवा रे?" त्याने क्षीण स्वरात विचारले.

"आता हे तू सांगायचं का आम्ही?" वसंता म्हणाला.

परंतु हे वाक्य भागवताच्या कानांपर्यंत गेलेच नाही. तो हारासह मटकन खाली बसला आणि लहान लेकरासारखा रडू लागला. त्याला रडताना पाहून ज्यांना थोडीफार शंका होती तेही रडू लागले. बंद दाराशी तुळजाबाई ऊर बडवीत होत्या.

"माझी मीना गं! तुझ्यासारखी भाकर साऱ्या आष्टीत कोनाला येत न्हाई गं. मी आजारी पडले तवा पोटच्या लेकीवानी केलंस. म्या मेलीनं कधी तोंडानं बोलून दाखवलं न्हाई गं!"

इतक्यात कडी वाजली. तृप्तीने दार किलकिले केले.

"बाबा, हार आणला का? आई कवाची जागी हाय. आता ऐकत न्हाई."

ओट्यावरच्या बायांचे पदर तोंडावरून गळाले. तृप्तीच्या मागे चादर पांघरलेली मीना उभी होती. तिचे डोळे भरून आले होते.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ते भाकरीचं अजून एकदा म्हना."

तुळजाबाईंनी पदराने नाक पुसले. "उन्हं डोक्यावर आली अन् लोळून राह्यलीस? लोक खोळंबलेत. चहा टाक."

"मला तर काकू, भागवतभाऊंची मिशी पाहून तुमचंच काही वाटलं व्हतं," गिरिजाबाई पिठल्याचे पातेले टेकवीत बोलल्या. "तुम्ही देवळातून चालत आल्या, तवा मंग मीनाचं समजलं."

त्यावर तुळजाबाई गिरिजाबाईंशी जे बोलल्या ते येथे लिहिण्याजोगे नाही.

भागवत मात्र भूमीवरच बसून होता. पत्नी जिवंत आहे हे डोळ्यांना दिसत होते, पण गुडघ्यांना अजून पटत नव्हते. त्याच्या हातातला हार घेऊन कल्याणने आईच्या गळ्यात घातला. रात्री पाठ केलेले भाषण या गोंधळात तो साफ विसरला होता.

"आई," तो म्हणाला, "तू मेली न्हाईस, धन्यवाद."

मीनेने त्याला पोटाशी धरले. मग हार खुंटीला अडकवला, पदर खोचला आणि चुलीवर मोठे पातेले चढविले. कारण ओटा भरलेला होता, बांबूवालाही येऊन पोहोचला होता आणि धावड्याहून तिचा भाऊ भुजंग जीपभर माणसे घेऊन उपाशीपोटी निघाल्याचा फोन आला होता. चहा पिऊन लोक उठले. आपलीच माणसे ती, धन्यवाद कोणी म्हटले नाही.

वसंताने मात्र जाताना जिलेबीचा रिकामा पुडा भागवताच्या हाती परत दिला.

सायंकाळी पाहुणे मार्गस्थ झाल्यावर भागवत अपराधी मुद्रेने चुलीपाशी आला. मीना जीपवाल्यांची ताटे घाशीत होती.

"पुढल्या साली आभार मानायचे असले," ती मान वर न करता म्हणाली, "तर पहिले सडा टाका. मंग काय करायचं ते करा."